चिमणीखालचा बाजार

मुंबईत लोअर परळ स्टेशनातून बाहेर पडून सेनापती बापट मार्गाने चालू लागले, की थोड्या वेळाने एक उंच चिमणी दिसते. धूर ओकणे तिने केव्हाच थांबवले आहे. तिच्या पायथ्याशी आता काचेचे दरवाजे आहेत, सरकते जिने आहेत, परदेशी घड्याळांची आणि पर्सेसची दुकाने आहेत, सिनेमागृहे आहेत. रविवारी संध्याकाळी तर तिथे पाय ठेवायला जागा नसते. हा फिनिक्स मॉल. मधल्या काळात त्याच्या पाट्या बदलत गेल्या. कधी ‘हाय स्ट्रीट फिनिक्स’, कधी ‘पॅलेडियम’, पुढे ‘फिनिक्स पॅलेडियम’. पण टॅक्सीवाल्याला नुसते ‘फिनिक्स’ म्हटले तरी पुरते.

राखेतून पुन्हा उठणाऱ्या पक्ष्याचे हे नाव मॉलवाल्यांनी शोधलेले नाही. ते गिरणीचे नाव आहे, १९०५ साली निघालेल्या फिनिक्स मिलचे. त्यामुळे गोष्ट सांगणाऱ्यांची आयती सोय झाली आहे. गिरणी संपली, तिच्या राखेतून मॉल उभा राहिला, जुनी मुंबई गेली आणि नवी आली. गोष्ट सुबक आहे. पण मी सदतीस-अडतीस वर्षे बँकेत काढली. इतकी सुबक गोष्ट घेऊन कोणी टेबलासमोर बसला, की सही करण्याआधी मागची कागदपत्रे मागायची सवय अंगात मुरलेली आहे. कादंबऱ्या लिहू लागल्यावरही ती गेली नाही.

ती कागदपत्रे चाळली, की एक गोष्ट लक्षात येते. या मॉलचा इतिहास लोकांना खरेदीची हौस सुटली म्हणून घडलेला नाही. तो जमिनीचा इतिहास आहे. कापड विकून मिळणाऱ्या पैशापेक्षा कापड जिथे विणले जाई ती जागा अधिक मोलाची झाली. मग त्या वाढलेल्या मोलात वाटा कोणाचा, हा प्रश्न उभा राहिला. त्याचे उत्तर एका नियमातल्या दोन-चार शब्दांनी दिले. ते उत्तर बरोबर होते का, हे आज या शहरात राहणाऱ्यांनीच नव्हे, तर जिथे जिथे जुने कारखाने पाडून नवे काही उभे राहते आहे तिथल्या सगळ्यांनीच विचारायला हवे.

कामगारांचा बाजार

मॉल येण्याआधी मुंबईत मोठे बाजार नव्हते असे थोडेच आहे? क्रॉफर्ड मार्केट, म्हणजे आताची महात्मा जोतिबा फुले मंडई, १८६९ साली उभी राहिली. विल्यम इमर्सन या वास्तुरचनाकाराने तिचा नकाशा केला आणि मुंबईचे पहिले म्युनिसिपल कमिशनर आर्थर क्रॉफर्ड यांचे नाव तिला मिळाले. उंच छपराखाली फळे, भाजी, मसाले, पक्षी असे सगळे एका ठिकाणी. आजच्या भाषेत तोही मॉलच. फरक एवढाच, की जागा नगरपालिकेची आणि दरवाजा सगळ्यांचा.

गिरणगावातली गोष्ट आणखी वेगळी. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या टंचाईच्या काळात, १९४८ साली, नायगावच्या कामगार वस्तीत एक सहकारी ग्राहक संस्था सुरू झाली. तिचेच पुढे ‘अपना बाजार’ झाले. साखर, डाळी, कापड, औषधे योग्य भावात आणि वजनात मारामारी न करता मिळावीत म्हणून कामगारांनीच काढलेले हे दुकान. पुढे त्याचे अनेक खात्यांचे मोठे भांडार झाले. मध्यमवर्गीय बायकादेखील दादर-माटुंग्याहून तिथे सामान भरायला जाऊ लागल्या.

दुकानाबाहेरही एक बाजार होता, तो खानावळींचा. कोकणातून आणि घाटावरून आलेले पुरुष एकेका खोलीत दहा-पंधरा जण पाळीपाळीने झोपत. त्यांचे डबे करणाऱ्या बायका म्हणजे गिरणगावातला न मोजला गेलेला उद्योगच. वाण्याकडून उधारीवर धान्य घ्यायचे, महिनाअखेर कामगारांचा पगार झाला, की पैसे हाती यायचे, मधल्या दिवसांसाठी सावकाराचे व्याज. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढले आणि या बायकांना राष्ट्रीयीकृत बँकांची कर्जे मिळवून दिली. ज्यांच्याकडे तारण ठेवायला पितळेच्या भांड्यांपलीकडे काही नव्हते, अशा बायकांची ती कर्जे. आमच्या खात्यात अनुभवी माणसे सांगत, की त्या बायकांकडून वसुलीला कधी जावे लागले नाही.

म्हणजे परळला बाजार नवा नव्हता. पण हे सगळे बाजार एका गोष्टीवर उभे होते. महिन्याच्या ठरावीक तारखेला अडीच लाख माणसांच्या हातात पगार पडत होता.

भोंगा थांबला

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. हा संप रीतसर मागे घेतला गेला, असे कधी झालेच नाही. तो विरत गेला. संपाआधीच गिरण्यांचे दुखणे सुरू झाले होते, हेही खरे. यंत्रे जुनाट होती, नफा पुन्हा यंत्रांत घालण्याऐवजी दुसरीकडे वळत होता आणि भिवंडीचे यंत्रमाग तेच कापड स्वस्तात विणून देत होते. शिवाय बॉम्बे इंडस्ट्रियल रिलेशन्स अ‍ॅक्टप्रमाणे मान्यताप्राप्त संघटना एकच, आणि कामगारांचा विश्वास दुसऱ्याच नेत्यावर. बोलणी करायची तर कोणाशी?

मी तेव्हा परळ भागातल्या एका शाखेत कारकून होतो, नोकरीला दोनच वर्षे झाली होती. संप आम्हाला मोर्चांतून कळला त्यापेक्षा पासबुकांतून अधिक कळला. पहिले दोन महिने बचत खात्यांतून पैसे निघत राहिले. मग रिकरिंग मोडायचे अर्ज येऊ लागले. ‘कारण’ या रकान्यात बहुतेक जण ‘घरखर्च’ लिहीत. गणपतीच्या सुमारास सोने तारण ठेवायला येणाऱ्या बायकांची रांग वाढली. त्याआधी दर महिन्याला मुंबईहून गावाला मनीऑर्डरी जात. आता सातारा, कोल्हापूर, रत्नागिरीहून तांदळाची पोती एसटीच्या टपावरून मुंबईला येऊ लागली. वर्षभरात कितीतरी खात्यांत किमान शिल्लक तेवढी राहिली. पत्ता बदलल्याचे कळवायलाही कोणी आले नाही. त्या खात्यांची यादी ‘निष्क्रिय’ म्हणून वेगळी बांधून ठेवताना साहेब म्हणाले होते, “ही खाती नाहीत रे, माणसं आहेत.” एरवी ते असे काही बोलणारे गृहस्थ नव्हते.

ताळेबंदातली एक ओळ

आता थोडे हिशेबाचे बोलू. कंटाळू नका, गोष्टीची खरी किल्ली इथेच आहे.

गिरणीला बँक कर्ज देई ते मुख्यतः मालावर. कापसाच्या गासड्या गोदामात, गोदामाला बँकेचे कुलूप, दारावर ‘बँकेकडे तारण’ अशी पाटी, आणि आत-बाहेर जाणाऱ्या प्रत्येक गासडीची नोंद ठेवणारा आमचा गोदामरक्षक. साचेखात्यातल्या आणि त्रासनखात्यातल्या यंत्रांवरही कर्ज असे. दरवर्षी यंत्रांची किंमत घसारा म्हणून पुस्तकात कमी केली जाई. वीस वर्षांनी ती जवळपास शून्यावर येई.

पण ताळेबंदात एक ओळ अशी असे, की जिच्याकडे कोणी फारसे बघत नसे. जमीन. जमिनीला घसारा नसतो. ती ज्या वर्षी घेतली त्या वर्षीच्या किमतीला पुस्तकात बसते आणि तशीच बसून राहते. विसाव्या शतकाच्या आरंभी घेतलेल्या जमिनी ऐंशीच्या दशकातही त्याच जुन्या रुपयांत लिहिलेल्या असत. तेव्हा गिरण्या गावाच्या कडेला, दलदलीत आणि माळावर बांधल्या होत्या. पुढे गाव वाढत वाढत त्यांच्या पलीकडे गेले आणि कड होती ती मध्य झाली. पुस्तकात तोट्यात दिसणारी गिरणी प्रत्यक्षात सोन्याच्या खाणीवर बसलेली होती. मालकांना हे कळायला वेळ लागला नाही. साचे चालवून वर्षाला जे मिळेल, त्याच्या कितीतरी पट साचे बंद करून मिळणार होते.

याचा एकच दाखला देतो. राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाने २००५ साली लोअर परळच्या मुंबई टेक्स्टाइल मिलची जमीन लिलावात काढली. ती ७०२ कोटी रुपयांना गेली. त्या जमिनीवर म्हणावे तसे काही उभे राहण्याआधीच, २०१२ साली, ती पुन्हा विकली गेली. या वेळी २७०० कोटींहून अधिक रुपयांना. सात वर्षांत कोणी एक वार कापड विणले नाही, आणि किंमत जवळजवळ चौपट झाली.

तीन वाटे

ही वाढलेली किंमत कोणी निर्माण केली? मालकाने नाही. रेल्वे, रस्ते, पाणी, शहराची वाढ आणि चार पिढ्यांचे श्रम यांनी ती वाढवली. म्हणून तिच्यात शहराचा वाटा असावा, असे १९९१ साली सरकारलाही वाटले होते. त्या वर्षीच्या विकास नियंत्रण नियमावलीत अठ्ठावन्न क्रमांकाचा नियम आला. गिरणीची जमीन विकसित करायची तर तिचे साधारण तीन वाटे करायचे. एक महापालिकेला, मैदाने, बागा आणि सोयींसाठी. एक म्हाडाला, परवडणाऱ्या घरांसाठी. उरलेला मालकाला. मुंबईतल्या गिरण्यांची जमीन सुमारे सहाशे एकर. म्हणजे नुसत्या मोकळ्या जागेसाठी दोनशे एकरांच्या आसपास मिळण्याची आशा. ज्या शहरात मुले क्रिकेट खेळायला गल्लीत दोन मोटारींमधली जागा शोधतात, त्या शहराला असे दान शंभर वर्षांत एकदाच पदरात पडते.

पण त्याच नियमात एक फट होती. गिरणीच्या उभ्या इमारती तशाच ठेवून आतला वापर बदलला, तर त्या बांधकामापुरती वाटणी करावी लागत नव्हती. उंच छपरांचे, मजबूत खांबांचे, हजार माणसे सामावणारे गिरणीचे खाते. त्यात दुकान थाटायला कितीसा वेळ लागतो? १९९६ साली चार्ल्स कोरिया यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली गेली. सगळ्या गिरण्यांचा एकत्र विचार करून रस्ते, मैदाने, घरे, कचेऱ्या यांचा एक आराखडा करावा, अशी ती कल्पना होती. समितीच्या वाट्याला सरकारी महामंडळाच्या पंचवीस गिरण्या तेवढ्या आल्या, खासगी गिरण्यांचा विचार बाहेरच राहिला. आणि आराखडा कागदावर राहिला.

२००१ साली नियमच बदलला. वाटणी करायची ती फक्त ‘मोकळ्या’ जमिनीची, असे ठरले. इमारती पाडून जी मोकळी होईल ती जमीन मोकळी धरायची नाही. गिरणीच्या आवारात मोकळी जागा असते ती किती? सहा आसनी टेम्पो वळेल एवढी. थोडक्यात, तीन वाट्यांपैकी दोन वाटे एका शब्दाच्या अर्थात विरघळून गेले. पर्यावरणाचे काम करणारी मंडळी कोर्टात गेली. ऑक्टोबर २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला आणि २००१ चा बदल कायम झाला.

सरकत्या जिन्यांचे दिवस

इतकी कागदपत्रे पाहिल्यावर आता मॉलमध्ये शिरू.

मुंबईत मॉल म्हणजे काय हे पहिल्यांदा दाखवले ते १९९९ साली हाजी अलीजवळ सुरू झालेल्या क्रॉसरोड्सने. तोही एका औषध कारखान्याच्या जागेवर उभा होता. सुरुवातीला सरकते जिने बघायलाच एवढी गर्दी लोटली, की व्यवस्थापनाने दारावर अट घातली. क्रेडिट कार्ड किंवा मोबाइल फोन दाखवा, नाहीतर प्रवेशाचे पैसे भरा. दुकानात शिरायला तिकीट, हे मुंबईकराने तेव्हा प्रथमच पाहिले. पुढे त्या मॉलचे मालक बदलले, नाव बदलले आणि शेवटी तो बंद पडला.

फिनिक्सची चाल अधिक सबुरीची होती. रुइया घराण्याच्या या गिरणीच्या आवारात नव्वदच्या दशकात आधी उंच निवासी इमारती आल्या. दशकाच्या शेवटी बोलिंग अ‍ॅली आली. चेंडू घरंगळवून लाकडी बाटल्या पाडण्याचा हा अमेरिकन खेळ परळमध्ये बघायला तेव्हा दक्षिण मुंबईतली मुले मोटारी घेऊन येत. त्यानंतर बिग बझार आला आणि गर्दीचे रूपच पालटले. इथे कार्ड दाखवावे लागत नव्हते. चाळीतली माणसे दोन साबणांवर एक फुकट घ्यायला येऊ लागली. २६ जानेवारी २००६ रोजी ‘सबसे सस्ता दिन’ जाहीर झाला तेव्हा देशभरच्या बिग बझारांवर अशी झुंबड उडाली, की काही ठिकाणी पोलिसांना पाचारण करावे लागले. ती साखळीही २०२२ साली संपली. मधल्या काळात, २००९ साली, त्याच आवारात पॅलेडियम उभे राहिले आणि स्वस्ताईच्या शेजारी अतिश्रीमंती येऊन बसली. पाठोपाठ पंचतारांकित हॉटेल. कंपनीने मग कुर्ल्यात, पुण्यात विमाननगरला, बंगळूरला, चेन्नईला मॉल काढले. कापडाची कंपनी मॉलची कंपनी झाली.

मॉलचा धंदा कसा चालतो, हे बँकवाल्याला विचारा. मॉल साबण विकत नाही, बूट विकत नाही. तो चौरस फूट विकतो, आणि तेही विकत नाही, भाड्याने देतो. दुकानदाराने ठरलेले किमान भाडे द्यायचे किंवा विक्रीतला टक्का द्यायचा, यांतले जे जास्त असेल ते. म्हणून मोठे, ओढ लावणारे दुकान एका टोकाला, खाण्याची जागा आणि सिनेमा वरच्या मजल्यावर. तिथे पोचेपर्यंत माणसाला शंभर काचांसमोरून जावे लागते. आणि आता बँका कर्ज देतात ते या पुढच्या अनेक वर्षांच्या भाड्यावर. भाडे थेट ठरलेल्या खात्यात जमा होते आणि हप्ता तिथूनच वळता होतो. आमच्या वेळी तारणाला कुलूप लावता येई. आता तारण म्हणजे लोक येत राहतील हा विश्वास.

मॉल ही कल्पना जगाला देणाऱ्या व्हिक्टर ग्रुएनचीही गोष्ट ऐकण्यासारखी आहे. हा मूळचा व्हिएन्नाचा वास्तुरचनाकार. हिटलरच्या भीतीने अमेरिकेत आला. मिनेसोटातल्या एडिना गावी १९५६ साली त्याने साउथडेल सेंटर बांधले, छपराखाली बंद असलेला पहिला आधुनिक मॉल. त्याच्या मनात व्हिएन्नातल्यासारखा चौक होता. दुकानांभोवती घरे, शाळा, दवाखाना, बाग, तळे असा सगळा संसार त्याने नकाशावर मांडला होता. प्रत्यक्षात दुकाने तेवढी झाली, भोवती मोटारी लावायचा तळ झाला. उतारवयात त्याने या मॉल्सचे पितृत्व जाहीरपणे नाकारले. नकाशातला फायद्याचा भाग आधी बांधायचा आणि बाकीचा विसरून जायचा, ही खोड केवळ आपली नाही, एवढाच त्यातून घ्यायचा दिलासा.

दुसरी बाजू

मॉलला शिव्या घालणे आमच्या पिढीला सोपे जाते. पण न्यायाने बोलायचे तर गिरणीही काही नंदनवन नव्हती. साच्यांचा आवाज असा, की कामगार ओठांच्या हालचालींवरून बोलणे ओळखत. हवेत कापसाची धूळ, छातीचे विकार, आणि कायमची नोकरी मिळेपर्यंत वर्षानुवर्षे बदलीचा पास घेऊन रोज पहाटे दारात उभे राहणे.

काही वर्षांपूर्वी याच भागातल्या एका मॉलमध्ये साफसफाईच्या कामावर देखरेख करणारा एक गृहस्थ माझ्याजवळ येऊन थांबला. “साहेब, ओळखलंत? तुम्ही आमच्या ब्रँचला होतात. मी बाबांबरोबर पासबुक भरायला यायचो.” त्याचे वडील जवळच्या एका गिरणीत साचेवाले होते. मी त्यांची चौकशी केली. “बाबा गेले. शेवटी त्यांना काही ऐकू येत नव्हतं. आम्ही पाटीवर लिहून दाखवायचो.” मग छताकडे बोट दाखवून हसत म्हणाला, “मला निदान एसी आहे, साहेब.” मी म्हटले, बरे आहे मग. त्यावर तो थोडा थांबला. “बरंच आहे. फक्त बाबा परमनंट होते. मी दर अकरा महिन्यांनी नवा असतो.”

या दोन वाक्यांत मला दोन्ही युगे दिसली. मॉलने कामे दिली, नाही असे नाही. चाळीतल्या मुली गणवेश घालून इंग्रजीत ‘मे आय हेल्प यू’ म्हणू लागल्या. त्यांच्या आयांना ते स्वप्नातही शक्य नव्हते. बायकांना बाहेर पडल्यावर स्वच्छ स्वच्छतागृह मिळाले. तरुण मुलामुलींना पोलिसाची शिट्टी न ऐकता दोन तास बसायला जागा मिळाली. पण असे म्हणताना माझ्या मनात येते, की बसायला जागा मिळावी म्हणून मॉल लागावा, हेच त्या हुकलेल्या दोनशे एकरांचे मोजमाप आहे. बाग असती तर मुले बागेत बसली असती.

आणि रस्त्यांचे काय? गिरण्यांच्या वेळी परळची स्टेशने आणि पूल पाळ्यांच्या गर्दीसाठी होते. गर्दी ठरलेल्या वेळी येई, आणि बरेचसे कामगार शेजारच्या चाळीतूनच चालत येत. आता त्याच जागेवर काचेच्या कचेऱ्या आल्या आणि लाखभर माणसे उपनगरांतून रोज उतरू लागली. पूल तेच राहिले. २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलावर चेंगराचेंगरी होऊन २३ माणसे गेली. त्याच वर्षी २९ डिसेंबरला कमला मिलच्या आवारातल्या उपाहारगृहांना आग लागून १४ जण गेले. लोअर परळचा डिलाईल पूल २०१८ साली धोकादायक म्हणून बंद केला, तो पूर्णपणे खुला व्हायला २०२३ चा नोव्हेंबर उजाडला. या अपघातांचा दोष मॉलवर लादणे अन्यायाचे होईल. पण एकेक आवार वेगळे विकसित झाले आणि मधल्या रस्त्याचा विचार करणारा कोणी नव्हता. कोरियांच्या समितीला जे करायचे होते ते हेच होते.

येणे बाकी

ज्यांच्या श्रमांवर हे सगळे उभे राहिले, त्यांच्या खात्याकडे शेवटी वळू. दत्ता इस्वलकर हे मॉडर्न मिलमधले कामगार. १९८९ साली त्यांनी बंद गिरण्यांच्या कामगारांची संघर्ष समिती काढली आणि पुढची तीस वर्षे घराचा हक्क लावून धरला. उपोषणे केली, मोर्चे काढले, मंत्रालयाच्या पायऱ्या झिजवल्या. २०१२ साली म्हाडाने कामगारांसाठी ६,९२५ घरांची पहिली सोडत काढली. त्यानंतरच्या, २०२० पर्यंतच्या सोडती धरून आकडा पंधरा हजारांच्या आसपास जातो. अर्ज दीड लाखांहून अधिक. इस्वलकर २०२१ साली गेले. उरलेल्यांना शेलू आणि वांगणी इथली घरे देऊ केली गेली. परळपासून लोकलने दीड-दोन तास. ज्यांनी परळ घडवले त्यांच्या वारसांना परळमध्ये जागा नाही, यावर त्या मंडळींनी पुन्हा मोर्चे काढले. मूळ अर्जदारांपैकी कितीतरी आता हयात नाहीत, अर्जावर मुलाचे किंवा सुनेचे नाव चढते.

बँकेच्या भाषेत याला ‘येणे बाकी’ म्हणतात. खाते जुने झाले म्हणून बाकी संपत नाही.

फिनिक्सची जमीन आता परत येणार नाही, आणि मॉल पाडा असे कोणी म्हणतही नाही. रविवारी तिथे जाणाऱ्यांनी खुशाल जावे, आइस्क्रीम खावे, मुलांना ती चिमणी दाखवावी. पण शहराच्या ताळेबंदात अशा ओळी आणखी आहेत. मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावर गोदीच्या जमिनी आहेत, रेल्वेच्या आहेत. ठाण्यात आणि पिंपरी-चिंचवडमध्ये बंद पडलेल्या कारखान्यांच्या जमिनी आहेत. त्यांचे नियम आज ना उद्या लिहिले जातील, बदलले जातील. नियम बदलण्याआधी सरकारला एक जाहीर सूचना द्यावी लागते. वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, निविदा आणि हरवल्याच्या जाहिरातींच्या शेजारी, बारीक अक्षरांत ती छापलेली असते. नागरिकांनी ठरावीक दिवसांच्या आत हरकती व सूचना लेखी पाठवाव्यात, असे तिच्या तळाशी म्हटलेले असते. तिच्यात ‘मोकळी’सारखा एखादा साधा शब्द कोणत्या अर्थाने वापरला आहे, तेवढे चष्मा लावून पाहायचे. पंधरा पैशांचे पोस्टकार्ड आता राहिले नाही, पण पोस्टाचे तिकीट अजून महाग झालेले नाही.